मॅट बझ्बी : खेळाडू ते मॅनेजर

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला चरित्र-वाङ्मयाच्या पेपरसाठी सरांनी यंदा एक प्रकल्प दिला होता. एखादा माणूस निवडायचा, त्याच्या आयुष्यात कामाचं स्वरूपच बदललं ते वळण शोधायचं आणि त्यावर वर्गात पंधरा मिनिटं बोलायचं. कुणी नटाचा दिग्दर्शक झालेला माणूस घेतला, कुणी वकिलाचा पुढारी झालेला. मी फुटबॉलवाला घेतला. सर म्हणाले, "मराठीत मांडता येईल का रे हे?" मी म्हटलं, "सर, बेळगावात फुटबॉल मराठीतच खेळतात की." वर्ग हसला आणि विषय मंजूर झाला. त्या पंधरा मिनिटांत जे मावलं नाही ते इथं लिहितोय. हा विषय मी का घेतला त्याला एक घरगुती कारण आहे, तेही पुढे येईल.

पहिली अडचण शब्दाची. ब्रिटिश फुटबॉलमधल्या 'मॅनेजर'ला मराठीत काय म्हणावं? 'प्रशिक्षक' म्हटलं तर फक्त शिकवणारा डोळ्यांसमोर येतो, आणि 'व्यवस्थापक' म्हटलं की बँकेची पाटी दिसते. तिथला मॅनेजर संघ निवडतो, खेळाडू विकत घेतो, विकतो, सराव ठरवतो आणि हरल्यावर पत्रकारांसमोर उभाही राहतो. पण हे सगळं पूर्वीपासून असं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी बऱ्याच क्लबांत संघ निवडायचे ते संचालक. मॅनेजर सूट घालून ऑफिसात बसायचा, पत्रव्यवहार बघायचा आणि शनिवारी सामन्याला यायचा. हे चित्र बदलणाऱ्या मोजक्या माणसांत मॅट बझ्बी हे एक. म्हणून मी शब्द 'मॅनेजर' असाच ठेवतो.

बझ्बींचा जन्म २६ मे १९०९ चा, स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशायर भागातल्या ऑर्बिस्टन नावाच्या वस्तीतला. खाणकामगारांची वस्ती, दोन खोल्यांचं घर. कुटुंब कॅथलिक. वडील पहिल्या महायुद्धात १९१७ साली फ्रान्समध्ये आरासच्या लढाईत गोळी लागून गेले. तेव्हा मॅट आठ वर्षांचासुद्धा नव्हता. घरात आई आणि लहान बहिणी. थोडा मोठा झाल्यावर तोही खाणीत उतरला. आईनं अमेरिकेला जायचं ठरवून कागदपत्रं दिली होती, पण परवानगी यायला काही महिने लागणार होते. त्या मधल्या काळात, फेब्रुवारी १९२८ मध्ये, मँचेस्टर सिटी क्लबनं या अठरा वर्षांच्या मुलाला आठवड्याला ५ पौंडांवर एका वर्षासाठी घेतलं. अमेरिकेला जायची वेळ आली तर जायची मुभा करारातच होती. ती वेळ आली नाही.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही होतकरू पोरासारखी आहे. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सिटीत पहिली दोन वर्षं हा मुलगा चाललाच नाही. त्याला आक्रमणात इनसाइड फॉरवर्ड म्हणून खेळवत होते आणि तिथं त्याचा जीव रमत नव्हता. घरची आठवण यायची, खेळ सोडून परत जावं असं वाटायचं. शेजारच्या मँचेस्टर युनायटेडनं १९३० मध्ये त्याची चौकशी केली होती म्हणतात, पण सिटीनं मागितलेले १५० पौंड युनायटेडकडे नव्हते! मग एकदा राखीव संघाच्या सामन्यात हाफ बॅक कमी पडला आणि बझ्बीला त्या जागेवर उभं केलं. तिथं त्याला त्याचा खेळ सापडला.

त्या काळच्या मांडणीत हाफ बॅक म्हणजे बचाव आणि आक्रमण यांच्या मधला माणूस. फॉरवर्डची पाठ बहुतेक वेळ आपल्याच लोकांकडे असते. हाफ बॅकच्या पुढे मात्र पाच जण धावत असतात, आणि कुणाच्या पायात चेंडू कधी द्यायचा हे त्यालाच ठरवावं लागतं. धावायला तो फार वेगवान नसला तरी चालतं, बघता आलं पाहिजे. बझ्बी फार वेगवान नव्हतेच. पण पासिंग अचूक. १९३३ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात सिटी एव्हर्टनकडून ०-३ हरली, पुढच्याच वर्षी पोर्ट्समथला २-१ हरवून कप घेतला. त्या १९३४ च्या सामन्यात सिटीचा गोलकीपर होता वीस वर्षांचा फ्रँक स्विफ्ट. शेवटची शिट्टी वाजली आणि ताण उतरल्यावर हा पोरगा तिथंच चक्कर येऊन पडला. स्विफ्टचं नाव लक्षात ठेवा.

स्कॉटलंडकडून एकच अधिकृत सामना, मग १९३६ मध्ये ८,००० पौंडांवर लिव्हरपूल, मग युद्ध. तीस वर्षांच्या खेळाडूची उरलेली कारकीर्द युद्धानं खाल्ली असंही म्हणता येईल. पण सैन्यात शारीरिक शिक्षण विभागात असताना त्यांना सैनिकांचे संघ सांभाळायला मिळाले. म्हणजे मॅनेजर व्हायची शाळा तीच.

युद्ध संपत आलं तेव्हा लिव्हरपूलनं त्यांना मदतनीस प्रशिक्षकाची जागा देऊ केली होती. त्याच सुमारास एक पत्र आलं. लुई रोका नावाचे गृहस्थ मँचेस्टर युनायटेडसाठी खेळाडू शोधायचे, आणि मँचेस्टरच्या कॅथलिक खेळाडूंच्या मंडळातून त्यांची बझ्बींशी ओळख होती. पत्र भलत्याच्या हाती पडू नये म्हणून रोकांनी त्यात कामाचं नावच लिहिलं नाही, नुसतं एक काम आहे असं कळवलं.

फेब्रुवारी १९४५ मध्ये युनायटेडचे अध्यक्ष जेम्स गिब्सन यांच्याशी भेट झाली. पस्तीस वर्षांच्या, मॅनेजरकीचा एका दिवसाचाही अनुभव नसलेल्या बझ्बींनी अटी घातल्या : संघ मी निवडणार, सराव मी घेणार, खेळाडू घ्यायचे-द्यायचे ते मी ठरवणार. क्लब तीन वर्षांचा करार देत होता, त्यांनी पाच मागितली, कारण आपल्या मनासारखा संघ उभा करायला तेवढी लागतील. गिब्सननी मान्य केलं. हे धाडस कशाच्या जोरावर? मला वाटतं, हाफ बॅकच्या सवयीच्या जोरावर. खेळ आपल्यापुढे मांडलेला असतो आणि आपणच तो ठरवायचा असतो, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं.

हाती काय आलं? ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर १९४१ मध्ये बॉम्ब पडले होते, प्रेक्षकगृह मोडलेलं. १९४९ पर्यंत युनायटेड आपले घरचे सामने प्रतिस्पर्धी सिटीच्याच मैदानावर भाड्यानं खेळली. बझ्बी स्वतः ट्रॅकसूट घालून पोरांबरोबर सरावाला उतरायचे, आणि त्या काळात हे लोकांना नवल वाटायचं. मदतीला त्यांनी निवडले जिमी मर्फी. १९४५ मध्ये इटलीतल्या बारी इथं हे वेल्श गृहस्थ सैनिकांना फुटबॉलबद्दल तावातावानं सांगत होते. बझ्बींनी ते ऐकलं आणि तिथल्या तिथं काम देऊ केलं. बझ्बी शांत, मर्फी तापट. पुढे मुलांना घडवण्याचं अर्ध्याहून जास्त श्रेय मर्फींचं आहे. त्यांच्यावर मराठीत स्वतंत्र लेख व्हायला हवा, पण आता तो विषय नको.

निकाल पटकन सांगतो. १९४७, ४८, ४९ आणि ५१ ला लीगमध्ये दुसरा क्रमांक, १९४८ ला एफए कप, आणि १९५२ ला लीगचं विजेतेपद, जे क्लबला १९११ नंतर पहिल्यांदा मिळालं. इथं बहुतेक मॅनेजर थोडं निवांत बसले असते. बझ्बींनी उलट तो जिंकलेला, वयस्क होत चाललेला संघ हळूहळू मोडायला घेतला आणि त्या जागी सोळा-सतरा वर्षांची पोरं आणली. तरुणांच्या एफए कपची स्पर्धा १९५२-५३ च्या मोसमात सुरू झाली, तर पहिली पाचही वर्षं युनायटेडनं जिंकली. वर्तमानपत्रांनी त्यांना नाव दिलं 'बझ्बी बेब्ज', बझ्बींची बाळं. बहुतेक सगळे घरचेच. थोडे विकत घेतलेले, त्यांत टॉमी टेलर. त्याची किंमत ३०,००० पौंड ठरत होती. 'तीस हजारांचा खेळाडू' हे ओझं पोराच्या डोक्यावर नको म्हणून बझ्बींनी २९,९९९ ला सौदा केला आणि उरलेला एक पौंड चहा देणाऱ्या बाईंना दिला, अशी गोष्ट सांगतात.

आणि डंकन एडवर्ड्स. डड्लीचा मुलगा, सोळाव्या वर्षी पहिल्या संघात, अठराव्या वर्षी इंग्लंडकडून. कुठल्याही जागेवर खेळवा, खेळायचा.

पोरं मिळवायची म्हणजे नुसती पोरं बघून भागत नाही. पोरांच्या आईबापांना भेटावं लागतं. बझ्बी, मर्फी आणि त्यांची माणसं घराघरांत जाऊन बसायची, चहा प्यायची. हा कॅथलिक, तो प्रॉटेस्टंट, हा डब्लिनचा, तो बार्न्सलीचा. क्लब त्यांना मँचेस्टरमध्ये ओळखीच्या बाईंकडे जेवण-राहण्याची सोय करून द्यायचा. आई मुलाला पाठवते ती क्लबकडे बघून नाही, समोर बसलेल्या माणसाकडे बघून. मला या सगळ्या कारकिर्दीतली हीच जागा सगळ्यात जड वाटते. खेळाडू असताना माणूस आपल्या दोन पायांचं देणं लागतो. मॅनेजर झाला की दुसऱ्यांच्या मुलांचं.

१९५६ आणि १९५७, लागोपाठ दोन वर्षं या संघानं लीग जिंकली. १९५६ च्या विजेत्यांचं सरासरी वय बावीसच्या आसपास. विजेता म्हणून युरोपियन कपचं आमंत्रण आलं. ही स्पर्धा नवीनच होती. आदल्या वर्षी चेल्सीला आमंत्रण होतं, पण इंग्लिश लीगच्या सल्ल्यावरून त्यांनी माघार घेतली होती. लीगनं युनायटेडलाही जाऊ नका म्हणून कळवलं. बुधवारी परदेशात खेळून शनिवारचा लीगचा सामना कसा होणार, हा त्यांचा मुद्दा. बझ्बी ऐकले नाहीत. उद्याचा फुटबॉल तिकडेच आहे हे त्यांनी ओळखलं होतं, आणि संचालकांनी त्यांना साथ दिली. अँडरलेख्टला घरच्या सामन्यात १०-० हरवलं. उपांत्य फेरीत रिआल माद्रिदनं रोखलं. पुढच्या वर्षी पुन्हा गेले.

डिसेंबर १९५७ मध्ये प्रागहून परतताना इंग्लंडवर धुकं होतं. नेहमीचं विमान मिळालं नाही, संघाला ॲम्स्टरडॅममार्गे बोटीनं यावं लागलं. शनिवारचा सामना थोडक्यात वाचला. म्हणून पुढच्या, बेलग्रेडच्या दौऱ्यासाठी क्लबनं स्वतःचं विमान भाड्यानं ठरवलं. ५ फेब्रुवारी १९५८ ला रेड स्टारशी ३-३, दोन्ही सामने मिळून ५-४ नं युनायटेड उपांत्य फेरीत. शनिवारी वुल्व्ह्जशी सामना होता. जिमी मर्फी या दौऱ्यावर नव्हते. ते वेल्स देशाच्या संघाचेही मॅनेजर होते आणि त्याच दिवशी कार्डिफला वेल्सचा सामना होता.

६ फेब्रुवारीला इंधन भरायला विमान म्युनिकला उतरलं. बर्फ पडत होतं. उड्डाणाचे दोन प्रयत्न फसले. सगळे उतरून प्रतीक्षागृहात आले. एडवर्ड्सनं मँचेस्टरच्या आपल्या घरमालकिणीला तार केली, विमानं रद्द झाली, उद्या येतो म्हणून. थोड्याच वेळात पुन्हा बोलावणं आलं. तिसऱ्या प्रयत्नात रनवेवरच्या चिखलबर्फात विमानाचा वेग वाढायच्या ऐवजी कमी झाला, ते कुंपण तोडून एका घरावर गेलं. ४४ जणांपैकी २३ गेले. आठ खेळाडू : जेफ बेंट, रॉजर बर्न, एडी कोलमन, मार्क जोन्स, डेव्हिड पेग, टॉमी टेलर, बिली व्हेलन, आणि पंधरा दिवस झुंजून २१ फेब्रुवारीला डंकन एडवर्ड्स. क्लबचे तीन माणसं. आठ पत्रकार, आणि त्यांत एक जुना गोलकीपर, जो निवृत्त झाल्यावर वर्तमानपत्रात लिहू लागला होता : फ्रँक स्विफ्ट.

कोलमन आणि एडवर्ड्स एकवीस वर्षांचे होते. मीही एकवीसचा आहे. वर्गात बोलताना हे वाक्य मी गाळलं होतं.

बझ्बींच्या छातीचा पिंजरा मोडला होता. म्युनिकच्या इस्पितळात ते प्राणवायूच्या तंबूत होते आणि त्यांना दोनदा शेवटचा अभ्यंग दिला गेला. इतर वाचकांसाठी सांगतो : आमच्यात माणूस अगदी शेवटाला आला असं वाटलं की फादर पवित्र तेल घेऊन येतात. आमच्या गावात फादर मिस्साच्या वेळेशिवाय पिशवी घेऊन कुणाच्या दारात शिरले की गल्ली गप्प होते. हे एकदा होणंच घरच्यांना पुरे असतं.

कोण गेलं हे डॉक्टरांनी त्यांना बरेच दिवस सांगू दिलं नाही. शेवटी त्यांनी पत्नी जीन यांना विचारलं. ते एकेक नाव घ्यायचे, आणि जीन मानेनंच हो किंवा नाही सांगायच्या. बझ्बींना पुन्हा फुटबॉलचं तोंड बघायचं नव्हतं. युरोपचा हट्ट आपला, ही बोच होती. जीननी समजावलं की गेलेल्या पोरांना तुम्ही थांबलेलं आवडलं नसतं.

इथं घरगुती कारण सांगतो. माझे थोरले मामा आमच्या गावात पोरांना फुटबॉल शिकवायचे. पगार नाही काही नाही, नोकरीवरून आले की शिट्टी गळ्यात. मी चौदा वर्षांचा असताना एका पावसाळी रविवारी शेजारच्या गावात सामना होता. मैदानात पाणी, कडेला जांभा दगड उघडा पडलेला. तिथले एक म्हातारे म्हणाले, पुढच्या आठवड्यात खेळूया. मामा म्हणाले, "टेम्पो करून आलोय, पोरं तयार आहेत. खेळूया की." दुसऱ्या हाफमध्ये आमचा सेंटर फॉरवर्ड घसरून त्या दगडावर गेला. गुडघा गेला तो गेलाच. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा तो, आमच्यात एकटाच असा होता ज्याला पुढे कुठंतरी घेतलं असतं. त्याच्या घरच्यांनी मामांना एक शब्द बोलला नाही. मामांनी शिट्टी आमच्या आज्जीच्या कपाटात ठेवली आणि पुन्हा मैदानावर आले नाहीत. मिस्साला जातानाही मैदानाच्या बाजूनं न जाता मागच्या वाटेनं जायचे. मला बझ्बींच्या परतण्यापेक्षा आधी हेच समजून घ्यायचं होतं, की माणूस का परतत नाही.

मँचेस्टरमध्ये मर्फींनी गाडा ओढला. अपघातानंतर तेरा दिवसांनी, १९ फेब्रुवारीला शेफील्ड वेन्स्डेशी कपचा सामना झाला. त्या दिवसाच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत युनायटेडच्या बाजूला खेळाडूंच्या नावांच्या जागी अकरा मोकळ्या रेघा होत्या. कोण खेळणार हे छापायच्या वेळी ठरलंच नव्हतं. प्रेक्षकांनी आपल्या हातानं नावं भरायची. युनायटेड ३-० जिंकली, आणि पोराटोरांच्या, उसन्या खेळाडूंच्या त्या संघाला मर्फींनी अंतिम सामन्यापर्यंत नेलं. तिथं बोल्टनकडून ०-२ हार. बझ्बी काठी टेकत वेम्ब्लीला आले होते.

एप्रिलमध्ये घरी आल्यावर ते पहिल्यांदा ओल्ड ट्रॅफर्डला गेले, रिकामं मैदान बघून रडले, आणि रडल्यावर थोडं बरं वाटलं असं त्यांनीच पुढे सांगितलं. नव्या मोसमात ते कामावर होते.

पण चरित्रांत जी बाजू दोन ओळींत उरकतात ती इथं थोडी थांबून बघू. अपघातातून वाचलेल्यांत जॅकी ब्लँचफ्लावर आणि जॉनी बेरी होते. दोघांच्या दुखापती इतक्या की पुन्हा खेळणं शक्य नव्हतं. त्या काळी इंग्लंडमध्ये खेळाडूच्या पगारावर वरची मर्यादा होती, ती १९६१ पर्यंत होती, त्यामुळे गाठीला फार काही नसायचं. बरेच खेळाडू क्लबच्या मालकीच्या घरात राहायचे. हे दोघं खेळायचे थांबल्यावर क्लबनं त्यांना घरं सोडायला सांगितली. नव्या खेळाडूंना घरं हवी होती. हिशेब बरोबर आहे, आणि तरी वाचताना मन खट्टू होतं. निर्णय क्लबचा होता, पण त्या क्लबमध्ये बझ्बींचा शब्द सहसा खाली पडत नसे. गेलेल्यांच्या आठवणीचं ओझं त्यांनी जन्मभर वाहिलं. जे गेले नाहीत, नुसते मोडले, त्यांच्याकडे बघणं कदाचित जास्त अवघड होतं. विमानाचे कप्तान जेम्स थेन यांचंही तसंच. पंखांवरचा बर्फ काढला नाही हा ठपका जर्मन चौकशीनं त्यांच्यावर ठेवला आणि त्यांची नोकरी गेली. दोष रनवेवरच्या चिखलबर्फाचा होता हे मान्य होऊन त्यांचं नाव स्वच्छ व्हायला १९६९ उजाडलं.

दुसऱ्यांदा संघ बांधणं पहिल्यासारखं नव्हतं. आता पैसे टाकून घेतलेले खेळाडूही लागले : १९६२ ला टोरिनोकडून डेनिस लॉ १,१५,००० पौंडांना, मग सेल्टिकचा पॅट क्रेरंड. १९६३ मध्ये युनायटेड लीगमध्ये एकोणिसावी आली, खालच्या विभागात जाता जाता राहिली, आणि त्याच मोसमात एफए कप जिंकली! त्याच वर्षी बेलफास्टचा सतरा वर्षांचा जॉर्ज बेस्ट पहिल्या संघात आला. १९६५ आणि १९६७ ला लीग. मधे १९६६ ला युरोपियन कपच्या उपांत्य फेरीत पार्टिझान संघाकडून हार झाली, आणि तो निर्णायक पराभव बेलग्रेडलाच झाला. नशीबसुद्धा काय काय करतं.

१९६८ ची उपांत्य फेरी माद्रिदमध्ये, रिआलविरुद्ध. पहिला सामना युनायटेडनं १-० जिंकलेला. तिथं मध्यांतराला १-३ अशी पिछाडी. नंतर एक गोल परतला, आणि मग बिल फोक्स पुढे आला. फोक्स सेंटर हाफ, वर्षात एखादा गोल करणारा माणूस, म्युनिकच्या विमानातून चालत बाहेर पडलेला. बेस्टच्या पासवर त्यानं गोल केला. ३-३, आणि दोन्ही मिळून ४-३. त्याचं त्या वेळी पुढे काही काम नव्हतं. २९ मे ला वेम्ब्लीवर बेन्फिकाला जादा वेळेत ४-१ हरवलं. बॉबी चार्ल्टनचे दोन गोल, बेस्टचा एक, आणि एक ब्रायन किडचा, ज्याचा तो एकोणिसावा वाढदिवस होता. युरोपियन कप जिंकणारा हा पहिला इंग्लिश क्लब. मैदानावरच्या अकरांत म्युनिकचे दोघे होते, चार्ल्टन आणि फोक्स. तिसरे बाहेर सूट घालून उभे होते.

त्याच वर्षी ते सर मॅट झाले. १९७२ ला पोपनी त्यांना संत ग्रेगरी यांच्या नावाचा सन्मान दिला.

यानंतरचा भाग यशाचा नाही. १९६९ मध्ये त्यांनी मॅनेजरपद सोडलं आणि ते आपल्याच तालमीतल्या विल्फ मॅक्गिनेसना दिलं. मॅक्गिनेस मूळचे 'बेब्ज'मधले. दुखापतीमुळे १९५८ च्या दौऱ्यावर नव्हते, आणि दुसऱ्याच वर्षी पाय मोडून त्यांचा खेळ संपला. वय एकतीस. काल बरोबरीनं खेळलेल्यांना आज बसवायचं, आणि त्याच इमारतीत सर मॅट. दीड वर्षात त्यांना काढलं, बझ्बी काही महिने परत आले, पुन्हा दुसरा माणूस आला, तोही टिकला नाही. १९७४ ला युनायटेड खालच्या विभागात गेली. हाफ बॅकला खेळ पुढ्यात दिसतो, पण मैदान सोडायची वेळ त्यालाही दिसतेच असं नाही, एवढंच मी म्हणेन. वर्गात एका मैत्रिणीनं विचारलं होतं की ज्यानं एवढं सोसलं त्याला हे सुटत का नव्हतं. मला वाटतं, सोसलं म्हणूनच.

सर मॅट २० जानेवारी १९९४ ला गेले. दोन दिवसांनी एव्हर्टनशी घरचा सामना होता. संघांच्या आधी एकटा बॅगपाइपवाला वाजवत मैदानात आला, आणि पूर्ण स्टेडियम उभं होतं.

लेखाचा कच्चा मजकूर मी मामांना वाचून दाखवला. म्युनिकचा भाग त्यांनी मान खाली घालून ऐकला. फोक्सचा गोल आला तेव्हा म्हणाले, "सेंटर हाफ पुढं कशाला गेला होता पण?" मी म्हटलं, "ते त्यालापण कळलं नसंल मामा." ते हसले. मग मी पुढे वाचायला लागलो तर म्हणाले, "थांब. ते घरं सोडायला सांगितलेलं, ते परत वाच."

परत वाचलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. आज्जीनं चहा आणून ठेवला, तो निवला.

मग त्यांनी आमच्या त्या सेंटर फॉरवर्डचं नाव घेतलं. सात वर्षांत पहिल्यांदा मी ते त्यांच्या तोंडून ऐकलं. त्याचं आता बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे.

"रविवारी उघडं असतंय काय रे त्याचं दुकान?"

"सकाळी असतंय," मी म्हटलं. "मिस्सा झाल्यावर."